कोलंबाइनची हजामत

सलूनवाल्याशी लग्न करू नकोस, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण तेव्हा ह्यांचे स्वतःचे केस दाट होते आणि बोलणं गोड होतं. पण या माणसाला वाढलेलं काहीही बघवत नाही, एवढं तरी कुणी कानावर घालायला हवं होतं की नाही? पायपुसण्याचे सुटलेले धागे, कुंपणाची झुडपं, शेजारच्या कुत्र्याच्या डोळ्यांवर आलेली झुलपं, दिसलं की ह्यांची कात्री चाललीच. एकदा मी हौसेने चादरीला झालर लावली. सकाळी उठून बघते तर झालर निम्मी. "वाकडीतिकडी लोंबत होती," म्हणे. अहो, झालर लोंबणार नाही तर काय उभी राहणार?

मी कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझं मशीन आणि खिडकीबाहेर आमची बाग. बाग म्हणायला बाग; दोन चादरी अंथरल्या की संपली. ह्यांचं सलून मागच्या गल्लीत. हे केस कापतात, मी कापड कापते, आणि एरवी आमचं बरं चालतं. भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून, ती म्हणजे ह्यांच्या पँटीची मोहरी.

ह्यांच्या पँटी मीच शिवते आणि प्रत्येक मोहरीला बाहेरून चांगली रुंद दुमड घालते. दुमडीने पँटीला वजन येतं, पँट नीट पडते, माणूस माणसासारखा दिसतो. पण ह्यांना ती दुमड डोळ्यांसमोर नको. "अगं, गिऱ्हाइकांचे केस सगळे त्या दुमडीत जाऊन बसतात. दिवसभर मी परक्यांचे केस पायाशी बांधून हिंडतो." म्हणून रोज सकाळी सलूनचं दार उघडण्याआधी हे पायरीच्या कडेला उभे राहणार, एका हाताने चौकट धरणार, आणि एकेक पाय वर करून आदल्या दिवशीची दुमड उलटी करून फटाफट झटकणार. सगळ्या गल्लीला हा तमाशा पाठ होता. दुमड काढून टाक म्हणाले की मी म्हणायचे, "मग दुसरी टेलर बघा." तिथे विषय संपायचा.

आता मूळ गोष्टीवर येते. ती आहे माझ्या आईच्या कोलंबाइनची.

कोलंबाइन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हातभर उंच बारीक देठ, कातरकाम केल्यासारखी नाजूक पानं, आणि फूल कायम खाली मान घालून. प्रत्येक पाकळीला मागे एक लांब शेपटी, शेपटीच्या टोकाशी मध. आईच्या फुलाचा रंग बाहेरून काळ्या द्राक्षासारखा गडद, आणि मान वर करून आत बघितलं तर सायीच्या रंगाची वाटी. लहानपणी मी आणि धाकटी बहीण अंगणात पालथ्या पडून खालून त्या वाट्या बघत बसायचो. आई हाक मारायची आणि आम्ही ऐकायचो नाही.

आई थकली तेव्हा आमच्याकडे राहायला आली. येताना औषधांची पिशवी विसरली, पण बिया बरोबर आणल्या. तिनेच खिडकीखाली पेरल्या. मातीवर नुसत्या भुरभुरवल्या आणि मला दटावलं, "वर माती ओढू नकोस, त्यांना उजेड लागतो." तिला बाहेर जाणं होईना, म्हणून बागेतच खुर्ची टाकून हे तिचे केस कापायचे. कात्री कानापाशी आली की आई म्हणायची, "जावईबापू, थोडं राहू द्या हो." आणि ज्या माणसाला चादरीची झालर बघवत नाही तो माणूस आईच्या कानामागे एक बट मुकाट्याने ठेवून द्यायचा. मला तेव्हा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

आई गेली आणि झाड राहिलं. पण कोलंबाइन काही जन्माची सोबत करणारं झाड नव्हे. चार-पाच वर्षांत म्हातारं होतं. त्या वसंतात त्याचा बुंधा लाकडासारखा झाला होता आणि देठ मोजकेच आले होते. आईच्या रंगाचं ते शेवटचं झाड. धाकटीने एकदा बिया नेल्या होत्या, पण तिने त्या दहा रंगांच्या गर्दीत लावल्या, मधमाश्यांनी इकडचं तिकडे केलं, आणि पुढच्या पिढीला तिच्या दारात उगवला धुवून विटलेल्या परकराचा गुलाबी. मी तिला फोनवर असं काही झापलं की विचारू नका. "आईची एक वस्तू तुला सांभाळता आली नाही!" ती रडायला लागली. मग मलाच कसंतरी झालं आणि मी म्हटलं, "गप बस. या उन्हाळ्यात मी देते तुला अस्सल बिया. माझा शब्द आहे."

शब्द दिला खरा, पण शेजारी दातांचे डॉक्टर राहतात.

डॉक्टर निवृत्त झाल्यापासून दातांचा राग फुलांवर काढतात. त्यांच्या बागेत कोलंबाइनचे पिवळे, निळे, लाल, दुरंगी, डबल, सगळे प्रकार कुंपणाला टेकून उभे, आणि मधमाश्या दिवसभर त्यांच्याकडून आमच्याकडे. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमची फुलं जरा आवरा." तर म्हणाले, "वहिनी, निसर्गाला मोकळं सोडावं." मी म्हटलं, "दातांना सोडलं होतंत का मोकळं? तारा कुणी बांधल्या साऱ्या गावाच्या पोरांना?" त्यावर ते हसले आणि आपल्या फुलांना पाणी घालत राहिले.

मग मी माझ्या धंद्याचा उपाय काढला. मी आईच्या फुलांना टोप्या शिवल्या.

हसू नका. तलम जाळीचं कापड घेतलं, टेप घेऊन बागेत बसले आणि एकेका कळीचं माप घेतलं. घेर, उंची, आणि शेपट्यांसाठी मागे जादा कापड, कारण जाडे भुंगे तोंडाकडून आत शिरत नाहीत. मागून शेपटी कुरतडून मध चोरतात. गळ्याशी नाडी, शिवण आतून पक्की, मुंगीला वाट नाही. कळ्या उमलायच्या आत प्रत्येकीच्या डोक्यावर टोपी बसली. सकाळच्या उन्हात माझी फुलं पाळण्यातल्या बाळांसारखी दिसत होती. गल्लीतले लोक थांबून बघायचे. ह्यांनी घरी येऊन कपाळाला हात लावला. "गिऱ्हाइकं विचारतात, तुमच्या घरी फुलांना सर्दी झाली का?"

"सांगा झाली म्हणून," मी म्हटलं.

डॉक्टर मात्र कुंपणावरून बघता बघता गंभीर झाले. म्हणाले, "वहिनी, माशीच आत गेली नाही तर बिया धरतील कशा? निदान पुरेशा तरी?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी त्यांनीच दोन दाढांच्या फटीत घालायचा इवलासा ब्रश आणला आणि दांडीवरचा तो छोटा आरसाही. मी एकेक टोपी सोडायची, डॉक्टर फुलाखाली आरसा धरून आत बघायचे आणि ब्रशने पराग इकडून तिकडे लावायचे. सवयीने म्हणायचे, "आ करा. अजून थोडं. शाब्बास." संपलं की मी टोपी घालून नाडी आवळायची. ह्यांनी खिडकीतून हे पाहिलं आणि त्या दिवशी लवकरच सलूनला निघून गेले.

पण जमलं! पाकळ्या गळल्या आणि प्रत्येक देठावर हिरव्या शेंगांचा झुपका उभा राहिला, तोंडं वर करून. आता माशांची भीती नव्हती. मी टोप्या काढल्या, धुतल्या, इस्त्री करून ठेवल्या. कुठल्या शेंगा अस्सल ते कळावं म्हणून त्या देठांना लाल दोरा बांधला. शेंगा वाळून तपकिरी व्हायला हव्यात, त्यांची तोंडं उघडायला हवीत आणि हलवल्यावर आत दाणे वाजायला हवेत. त्याआधी तोडलं तर बी कच्चं. म्हणून मी रोज बोटाने टिचकी मारून ऐकायची. धाकटीचा फोन आला की तिला सांगायची, "आता वाजायला लागतील."

नेमकं तेव्हाच गावाबाहेरच्या मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलं. सगळ्या वेटरांचे गणवेश मी शिवले होते, ते अंगावर चढवून बघायचे, खांदे-बाह्या तिथल्या तिथे सारख्या करायच्या. दोन-तीन दिवसांचं काम. निघताना मी ह्यांना सांगितलं, "बागेकडे लक्ष ठेवा." बास, एवढंच सांगितलं. त्या तीन शब्दांवर मी किती विश्वास टाकला होता!

परत आले तर हे फाटकाशी उभे. हसतमुख. हातात सलूनचा आरसा.

"डोळे मिट," म्हणाले, आणि हात धरून मला खिडकीखाली नेलं. डोळे उघडले तर बाग सफाचट. सगळं एका उंचीवर, चहूबाजूंनी गोल, कडा वस्तऱ्याने मारल्यासारख्या. आईच्या झाडाचे देठ पार बुडाशी कापलेले. आणि हा माणूस आरसा झाडाच्या मागे धरून मला म्हणतो, "मागूनही बघ."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या आवाजाने डॉक्टर घरातून पळत बाहेर आले. त्यांना वाटलं आग लागली.

"शेंगा कुठायत?" मी विचारलं.

"कसल्या शेंगा? वाळलेले झुपके होते सगळे. तपकिरी झाले होते."

"अहो, पण मी लाल दोरा बांधला होता!"

"म्हणून तर कापले!" हे म्हणाले, आणि तेही रडकुंडीला आले. "तूच शिकवलंस ना मला? लाल टाका दिसला की तिथे कापायचं."

ते खरंच होतं. मोठं काम आलं की हे मला कापड बेतायला मदत करतात, आणि माझा नियमच आहे, पांढरा टाका शिवायचा, लाल टाका कापायचा. एकदा ह्यांनी पांढऱ्यावर कात्री चालवली तेव्हा मी दिवसभर घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हापासून हा नियम माणसाने गाठीला बांधून ठेवला होता, आणि मी तोच दोरा आईच्या झाडाच्या गळ्यात बांधून हॉटेलात निघून गेले. पण तेव्हा हा विचार करायला मला सवड नव्हती. मी ओरडत होते.

कापलेलं सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं. मी गाडीमागे चौकापर्यंत धावले, गाडी केव्हाच गेलेली. परत येऊन पिठाच्या चाळणीने बागेतली माती चाळली. "कसे कापलेत? नीट सांगा," मी ह्यांना उभं केलं. हे हात करून दाखवू लागले, "नेहमीसारखेच गं. डावीकडे जरा वाकवायचं, कात्री मारायची, पायाशी पडू द्यायचं. मग झाडून घ्यायचं." झाडलं होतं तेही सलूनवाल्याच्या हाताने, म्हणजे एक दाणा मागे राहायची सोय नाही.

त्या दिवशी ह्यांनी माझ्यासमोर उभं राहून शपथ घेतली, "आजपासून हिरव्या गोष्टीला कात्री लावणार नाही. मेलो तरी." मी म्हटलं, "उशीर झाला," आणि बोलणं टाकलं. सलूनकडे जाणं तर कायमचंच सोडलं. काही दिवस आमचा निरोप डॉक्टरांमार्फत चालायचा. "डॉक्टर, यांना सांगा भाजी संपलीय." "डॉक्टर, तिला सांगा आणतो." डॉक्टर कुंपणावरून मान एकदा इकडे, एकदा तिकडे करायचे. शेवटी त्यांची मान आखडली आणि आम्हाला नाइलाजाने एकमेकांशी बोलावं लागलं.

हिवाळ्यात झाड गेलं. वसंत आला, पण खिडकीखाली त्याचा कोंब नाही. उगवले ते डॉक्टरांकडून उडून आलेले पिवळे-निळे आगंतुक. मी मशीनवर बसून बाहेर बघायची आणि मला आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटायचं. 

आणि धाकटी? तिला मी सांगितलंच नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? तिला एका विटक्या गुलाबीसाठी रडवणारी मी! ती फोन करायची, "ताई, बिया कधी देतेस?" मी सांगायचे, "फ्रीजमध्ये आहेत. यांना पेरण्याआधी थंडी लागते." थंडी लागते हे खरंच आहे, म्हणून खोटं बोलायला सोपं गेलं. उन्हाळ्यात विचारलं, "अजून थंडीच?" मी म्हटलं, "मुरू दे जरा." पुढच्या हिवाळ्यात ती वैतागली, "ताई, लोणचं घातलंयस का बियांचं?" आणि मग म्हणाली, "ते काही नाही. वसंतात मी स्वतः येते न्यायला."

इकडे ह्यांची शपथ चालूच होती. कुंपण रस्त्यावर आलं, गवत गुडघ्याला लागलं, पण माणूस कात्रीकडे बघेना. एकदा जेवताना चाचरत म्हणाले, "सलूनच्या पायरीशी काहीतरी उगवलंय. गेल्या वर्षी नुसती पानं होती, यंदा चांगलंच माजलंय. गिऱ्हाइकं हसतात. केस कापणाऱ्याच्या दारातच जंगल, म्हणतात. पण मी काही कापत नाही."

"नका कापू," मी म्हटलं. "आणि मला उगवणाऱ्या गोष्टींबद्दल सांगूही नका."

ह्यांनी आमटीची वाटी पुढे ओढली.

धाकटी आली ती रिकाम्या कुंड्यांची पिशवी घेऊनच. दारातूनच तिची नजर खिडकीखाली गेली. "ताई, इथे तर सगळे डॉक्टरांचेच रंग?" मी म्हटलं, "आधी चहा घे." चहा झाला. बिस्किटं झाली. मी आणखी चहा ठेवायला उठले तर तिने माझा पदर धरून बसवलं. "ताई, फ्रीज दाखव."

आता लपवून उपयोग नव्हता. "धाकटे," मी म्हटलं, "रागावू नकोस. त्या बियांचं असं झालं…"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात हे. कानावर कंगवा, हातात उघडा वस्तरा, धापा टाकतायत. त्यांच्यामागे डॉक्टर, गळ्याभोवती सलूनचं पांढरं कापड, अर्धा चेहरा गुळगुळीत आणि अर्ध्यावर साबणाचा फेस. धाकटी किंचाळली.

"चल," हे मला म्हणाले.

"कुठे? आणि तो वस्तरा मिटा आधी!"

"चल म्हणतो ना!" आमच्या सगळ्या संसारात हे माझ्यावर पहिल्यांदा ओरडले, आणि मी चक्क उठले. गळ्यात टेप तशीच. पुढे हे, मागे मी, माझ्यामागे धाकटी, तिच्यामागे फेस उडवत डॉक्टर, अशी आमची वरात मागच्या गल्लीत निघाली. लोक बाजूला झाले. वस्तरा अजून उघडाच होता.

सलूनची पायरी आणि फरशी यांच्यामध्ये बोटभर फट आहे. त्या फटीतून, ऐन दाराच्या कडेला, कातरकामाच्या पानांचा भलामोठा झुपका वर आला होता. त्यातून बारीक देठ निघाले होते आणि एका देठावर, त्याच सकाळी उमललेलं, खाली मान घातलेलं एक फूल. बाहेरून काळ्या द्राक्षासारखं.

बियांपासून उगवलेला रंग फसवतो, हे मला धाकटीच्या वेळेपासून ठाऊक होतं; बाहेरून जुळला, पण आतून? वाकून बघायचा धीर होईना. धाकटीही माझा दंड घट्ट धरून उभी. मग हे खाली गुडघ्यावर बसले, आणि दाढी करताना गिऱ्हाइकाची हनुवटी उचलतात तशी त्या फुलाची मान दोन बोटांनी अलगद वर केली.

आत सायीची वाटी.

"आईचंच," धाकटी म्हणाली, आणि पायरीवर बसकण मारून रडायला लागली. मीही बसले आणि भोकाड पसरलं. लाज कसली? मला इतका आनंद झाला होता की मी डॉक्टरांनाही मिठी मारली आणि माझ्या गालाला फेस लागला. आतली गिऱ्हाइकं पेपर टाकून दाराशी आली. त्यांना कुणीतरी गेलं असं वाटलं असणार, कारण एकाने टोपी काढली.

धाकटी डोळे पुसत म्हणाली, "पण ताई, बिया तर तुझ्या फ्रीजमध्ये होत्या. इथे कशा आल्या?"

ह्यांनाही कळेना. डॉक्टर फेसातून विचार करत होते. त्यांनी फुलाकडे पाहिलं, फटीकडे पाहिलं, दाराच्या चौकटीकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर हळूहळू ह्यांच्या पायांकडे गेली. तशी आमचीही सगळ्यांची गेली. गल्लीच्या गल्ली ह्यांच्या पँटीच्या मोहरीकडे बघू लागली.

"वाकवून कापायचं, पायाशी पडू द्यायचं," मी पुटपुटले.

"आणि सकाळी इथे झटकायचं," हे म्हणाले.

"दुमड!" मी ओरडले. "दुमड कुणी घातली होती? बोला! काढून टाक म्हणत होतात ना?"

"आणि झटकलं कुणी?" ह्यांनाही जोर चढला. "मी झटकलं नसतं तर गेल्या असत्या तुझ्या धुण्यात वाहून!"

"कापलंतच नसतंत तर झटकायची वेळ आली असती का?"

"मी शपथ पाळली नसती तर हे झाड राहिलं असतं का? दीड वर्ष लोकांची बोलणी खाल्ली मी या जंगलापायी!"

खरंच खाल्ली होती. माझ्या रागासाठी या माणसाने आपल्या धंद्याच्या दारात दीड वर्ष वाढलेलं गबाळ सहन केलं होतं, आणि मी जेवताना त्याला दोन शब्द धड बोलू दिले नव्हते. मी पदराने ह्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. सगळ्यांसमोर. हे इतके गोंधळले की वस्तरा मिटायचं अखेर लक्षात आलं.

"एक मिनिट," धाकटी म्हणाली. "मग फ्रीजमध्ये काय होतं?"

"लोणी," मी म्हटलं. तिने मला जो फटका मारला तो मी मुकाट खाल्ला, आणि मग आम्ही दोघी हसत सुटलो.

झाड तिथून हलवणं शक्यच नव्हतं. कोलंबाइनचं मूळ खोल जातं, उपटलं की संपलं. म्हणून मीच हलले. रोज दुपारी काज-बटणांचं काम घेऊन सलूनच्या पायरीवर जाऊन बसू लागले. टोप्या पेटीतून काढल्या आणि पुन्हा चढवल्या. गल्लीत दुसरं कोलंबाइन नव्हतं, पण माशांचा काय भरवसा? डॉक्टर दाढीच्या निमित्ताने ब्रश आणि आरसा घेऊन येऊ लागले. गिऱ्हाइकं खुर्चीतून मान वळवून बघायची आणि ह्यांना ओरडावं लागायचं, "मान सरळ!"

पाकळ्या गळल्या, शेंगा धरल्या, वाळल्या. ह्या वेळी मी देठांना दोरा बांधलाच नाही. कुठलाच नाही.

ज्या दिवशी शेंगा वाजायला लागल्या त्या दिवशी मी धाकटीला बोलावून घेतलं. मग माझी कात्री काढली, कापड बेतायची, जी मी आजवर जगात कुणाच्या हाती दिलेली नाही, आणि ती ह्यांच्यापुढे धरली. "कापा," मी म्हटलं.

"मी?" ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "अगं, माझी शपथ…"

"सोडवली मी. कापा."

ज्या हातांनी अर्ध्या गावाच्या गळ्यावर वस्तरा फिरवला त्या हातांनी कात्री आधी दोनदा उघडमीट करून पाहिली. ह्यांनी पाय पायरीवर ठेवला, दुमड उघडून बरोबर देठाखाली धरली, देठ जरा डावीकडे वाकवला, नेहमीसारखाच, आणि कात्री मारली. काळे चकचकीत दाणे सुरसुरत दुमडीत पडले. एकही खाली सांडला नाही. मग दुसरा देठ, मग तिसरा. एक पाय भरल्यावर हे दुसऱ्या पायावर आले.

शेवटचा देठ उरला आणि हे थांबले. कात्री मिटली.

"अहो, हा राहिला," मी म्हटलं.

"राहू दे," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी तो देठ बोटाने नीट केला, कानामागे बट सारावी तसा, चौकटीच्या आडोशाला. "आई म्हणायच्या ना, थोडं राहू द्या हो."

धाकटीने माझा हात दाबला.

मग ह्यांनी सलूनला कुलूप लावलं आणि गुडघे न वाकवता, दोन काठ्यांवर चालावं तसे, घराकडे निघाले. धाकटी पुढे वाट मोकळी करत होती. डॉक्टर ब्रश हातात घेऊन बाजूने चालले होते. नाक्यावरच्या म्हातारीने विचारलं, "काय हो, पाय धरले का?" आणि हे थांबून तिला सगळं समजावून सांगायला लागले. सांगता सांगता सवयीने ह्यांचा एक पाय वर उचलला गेला, आणि मी मागून जिवाच्या आकांताने ओरडले, "झटकू नका हो!"